टिंब

अक्षराला नऊ रुपये, आउटलाइन असेल तर बारा.
हा माझा दर. दुकानाचं शटर असो, टेम्पोची पाटी असो,
की कुणा भाऊच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा.
तुर्भ्याच्या इंदिरानगरात, खाणीखालच्या भिंतीवर
पोरांच्या कविता काढायच्या म्हणाले,
तेव्हाही मी आधी अक्षरंच मोजली.

वॉर्ड ऑफिसातून निरोप होता: थोडे फ्लेमिंगो घ्या.
हात सरावलाय. पामबीचला शंभरेक काढलेत,
एका पायावर, डोळे मिटून.
गुलाबीचा डबा उघडला, तर निलोफर म्हणाली,
काका, हे आमच्याकडे उतरत नाहीत.
तिची ओळ होती:
*आमची सकाळ साडेतीनला येते,
टँकरच्या मागे लोंबकळत.*
मग गुलाबी सगळा पाइपात गेला.
भिंतभर पाइप, गल्लीतल्या बायांनी रंगवलेला.
हंड्यांना कुठला रंग, यावरून एक भांडणही झालं.

पावण्याच्या हर्षद मढवीनं दोनच ओळी दिल्या:
*आजोबा जाळं टाकायचे
तिथं आता सिग्नल लागतो.*
मला ळ आवडतो.
जाळ्यातला ळ मी हातभर काढला.

अश्लेषा धोत्रे, नववी ब, वहीचं पान घेऊन आली.
*माझा बाप रोज डोगर घरी आणतो,
केसांत, बनियनवर, भाकरीच्या घासात.*

बाई म्हणाल्या, टिंब राहिलं गं. डोंगर.
मी ब्रश उचललासुद्धा.
ती म्हणाली, राहिलं नाही. खडीत गेलं.
वर बघा.

वर बघितलं.
कापलेला कडा, कडेला एक झाड, मुळं उघडी.
खरंच, माथाच नव्हता.
बाई काही बोलल्या नाहीत.

तीस वर्षं शिरोरेघ ओढतोय.
चुकीची पाटी दुकान बुडवते, उस्ताद सांगायचे.
मी डोगर लिहिलं. जाड, काळ्यात.
रात्री कुशी बदलत पडलो.

रविवारी तिचा बाप आला, भुवयांपर्यंत पांढरा.
तिनं वाचून दाखवलं, दोनदा.
कुणीतरी हसत म्हणालं,
तुमच्या पोरीचं एक टिंब कमी आहे हो.
तो बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला.
कुठं पाहिजे होतं, विचारलं.
मग अंगठा माझ्या डब्यात बुडवला,
मुकादमाच्या वहीवर उठवतो तितक्या सवयीनं,
शिडी चढला
आणि डोच्या डोक्यावर टेकवला.

अश्लेषा चिडली की काय, कळलं नाही.
शिडी धरून उभी होती.

सोमवारी बिल केलं.
अक्षरं तीनशे बारा.
टिंब धरलं नाही.