तिसरी ओळ

सीडी गोलाणी मार्केटमधून आणलेली, चाळीस रुपयांची,
आत सगळं जपानी.
आम्ही मेनू वाचत नव्हतो, मोजत होतो:
पहिली ओळ मार, दुसरी औषध,
तिसरी उडी.

उडी फक्त भालेवाल्याला यायची.
गुडघ्यात वाकायचा, आणि मग नसायचाच.
स्क्रीनच्या वरच्या कडेतून पार,
टीव्हीवरच्या क्रोशाच्या रुमालातून, पत्र्यातून,
फेकरीच्या मे महिन्यातून वर.
एक अख्खा डाव तो कुठेच नाही.
राक्षस आग ओकतो, त्याला लागत नाही.
औषध पाठवलं तर पोचत नाही.
मग सूंऽऽ करत खाली, भाल्याचं टोक पुढे,
आणि राक्षसाच्या डोक्यावर दुप्पट आकडा.

लीलाधर झोपे कायम भालेवाला.
मी पांढऱ्या झग्यातली, औषधवाली.
"तू वर गेला की सगळा मार मला बसतो," मी म्हणायचे.
"मंग तू बी शिक ना उडी, भो,"
मला, पोरीला, भो.
आणि तिसरी ओळ दाबायचा.
माझ्या तिसऱ्या ओळीत प्रार्थना होती बहुतेक.
ती बाई हात जोडायची, डोळे मिटायची,
घडायचं काहीच नाही.

त्याचे बाबा दीपनगरला ठेक्यावर.
चिमणीवरचा लाल दिवा गेला की ते वर जात,
कमरेला पट्टा, खिशात बल्ब, पंचाच्या घडीत गुंडाळलेला.
त्या दिवशी काकू दाराकडे पाठ करून बसत
आणि कळण्याच्या भाकरी लागतील त्याहून जास्त करत.

असाच एक दिवस.
शेवटचा राक्षस, माझी औषधं संपलेली,
दोघं आडवे, मी अर्धी.
लीलाधरने तिसरी ओळ दाबली.
भालेवाला वाकला,
गेला,
आणि लाइट गेली.

वीज इथंच होते, आणि आधी इथूनच जाते.
टीव्हीच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरला,
मग तोही नाही.
कूलरचं पातं आणखी थोडं फिरलं, सवयीनं.
"सेव्ह केलं होतं का?" मी विचारलं.
अंधारातून लीलाधर म्हणाला,
"वर असला की काही होत नसतं त्याला."

काकूंचा भाकरीवरचा हात थांबला.
कोणाबद्दल बोललास, असं कोणीच विचारलं नाही.
त्यांनी उठून चिमणी लावली, कोनाड्यातली, रॉकेलची,
आणि पुन्हा पाठ करून बसल्या.

दारातून ती दुसरी दिसत होती,
आभाळात उभी. तिच्या लाल ठिपक्यांत एक जागा रिकामी.
मी बघत राहिले. माझ्याकडे तेवढंच काम होतं.
किती वेळ, सांगता येणार नाही,
तव्यावरच्या दोन भाकरी एवढा.
मग ती जागा लाल झाली.

"लागला," मी म्हणाले.
काकू वळल्या नाहीत.
"लागला ना. पण उतरायला जास्त वेळ लागतो,"
असं म्हणून त्यांनी परातीत आणखी पीठ घेतलं.

साडेनऊला सायकल वाजली. दहाला लाइट आली.
गेम तीन आठवडे मागे जाऊन उघडला:
पहिल्याच गावातली विहीर,
तिच्याजवळ भालेवाला उभा, कोरा करकरीत,
उडी अजून न शिकलेला.

लीलाधरने खेळायला घेतलं.
मी मात्र वरच्या कडेकडे बघत होते.
त्या डावातला खाली आलेला
मी अजून पाहिलेला नाही.