मोतीबिंदूसाठी गेलो होतो

मोतीबिंदूसाठी गेलो होतो, खरं तर.
उजवा डोळा. टॉवेलवरचं फूल
दिवाळीपासून धुरकट दिसत होतं,
आणि शेठ म्हणाले, नरसय्या, आधी डोळा करून ये.

नर्स कोवळी पोरगी, होटगीची.
दोन बोटं मनगटावर ठेवली, घड्याळ पाहिलं,
मग मला पाहिलं,
मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.
घरी दिवे गेल्यावर विड्या मोजताना
बायको थांबते ना, ओठ हलवत,
तशी थांबली मध्येच.

काका, धडधड होते? नाही.
चक्कर? नाही. जिना चढताना दम?
नाही म्हणालो, आणि जरा ऐटीतच म्हणालो.
एकोणसत्तर वय. कडक भाकरी अजून दातांनी मोडतो.

मशीनमधून कागदाची पट्टी निघाली.
शिखरं सगळी होती,
पण एका अंतरासारखं दुसरं अंतर नाही.
डॉक्टर बोलायच्या आधीच मला कळलं.
असा बाणा पडला असता
तर तो तागा मी मालकासमोर उलगडला नसता.

हेच खटकतं.
अशोक चौकापलीकडच्या शेडमध्ये
चोवीस माग एकदम चालायचे,
आणि सतराव्याचा धोटा केसभर उशिरा सुटतो
हे मला बाहेर टपरीवर, चहा पिताना कळायचं.
पोरं पैजा लावायची.
आणि हा बरगडीतला माझा माग
किती वर्षं बेताल चालला काय की,
जॉबरला पत्ता नाही.

नाव इंग्रजी, लांबलचक. फाईलच्या पाठीवर लिहून घेतलं.
वरचे कप्पे दाबत नाहीत, नुसते थरथरतात,
डॉक्टर म्हणाले, रक्त कोपऱ्यात रेंगाळतं,
रेंगाळलं की गुठळी,
आणि गुठळी सुटली की…
पेन त्यांनी स्वतःच्या कानशिलावर टेकवलं.

मला यन्नम अण्णा आठवला.
चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं,
हंडा उचलला आणि हंड्याआधी तोंड वाकडं झालं.
तीन वर्षं खाटेवर. डावा हात उशीसारखा.
भेटायला जाऊन आम्ही सगळे हेच म्हणायचो,
काही नव्हतं हो याला, काही म्हणजे काही नव्हतं.

कुणी मोजलं नव्हतं.

दोन गोळ्या. एक चाल आवरायला,
एक रक्त पातळ ठेवायला, सकाळ-संध्याकाळ.
बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही.
पण मला वाईट कधी वाटलंच नव्हतं, डॉक्टर.
म्हणूनच सोडायची नाही, ते म्हणाले.
दाढीला कापलं, रक्त थांबेना, तर या.
शौचाला काळी झाली तर लगेच या.
कमरेसाठी मेडिकलमधून आणता ती गोळी बंद.
डोळ्याचं पुढच्या महिन्यात बघू.

घरी बायको भडकली.
बेचाळीस वर्षं बीट, गूळ, खजूर घालून
घट्ट केलं ते रक्त आता पातळ करायचं?
पण डबी तिनेच आणली, सात खणांची,
आणि विड्यांच्या सुपाशेजारी ठेवली,
जिथे हात चुकत नाही.

काल रात्री वीज गेली.
गल्लीतले माग एका दमात गप्प झाले
आणि इतकी शांतता झाली की जाग आली.
ती उठून बसली होती. माझं मनगट धरून
तेलुगूत मोजत होती, ओकटी, रेंडु, मूडु,
मग थांबली.
चुकलीस?
मी नाही चुकले, म्हणाली.

मग मी तिचा हात ओढला.
तंबाखूचा वास, नखात सूत.
रोज हजार विड्या मोजते ही,
शंभरात एक कमी पडू देत नाही,
आणि हिला आजवर कुणी…
काय करताय, म्हणाली.
बोलू नको.
अंधारात दोन बोटं नीट बसेनात.
एक मिनिट बोलू नको.