खाली काय घालायचं

एकतीस वर्षं मी रुळाखाली काय असावं
एवढंच बघत आलो.
पासष्टच्या चाळणीतून पडावी, चाळिसावर अडावी,
कोन शाबूत असलेली काळी खडी.
गोल गोटा दिसला की गँगला म्हणायचं, फेका.
गोटा सरकतो, मग स्लीपर सरकतो,
मग साहेबाचा फोन येतो.

तेजल नर्सिंगला नाशिकला गेली
आणि क्वार्टरमध्ये मागे ठेवून गेली
एक ॲक्सोलॉटल.
फिकट गुलाबी, पापणी नसलेला,
मानेवर सहा तांबडे तुरे.
केळफूल, नाव तिनंच ठेवलं.
भुसावळात बाहेर शेहेचाळीस, त्याला लागतं अठरा.
आमच्या फ्रीजमध्ये भाजी मावत नाही,
सगळ्या बर्फाच्या बाटल्या.

दुकानदारानं टाकीवर निळी खडी फुकट दिलेली,
हरभऱ्याएवढी.
केळफूल चावत नाही. तोंड उघडतो, पाणी ओढतो,
गांडुळाबरोबर येईल ते आत.
एका रात्री एक निळा दाणा गेला.
बॅटरी धरली की पोटात दिसायचा,
न बदलणाऱ्या सिग्नलसारखा.

सगळी खडी काढली. नुसती काच.
काचेवर त्याचे पाय घसरत,
पुढे चार बोटं, मागे पाच, पकड कशालाच नाही.
कोपऱ्यात तरंगत राहायचा
ड्यूटीवर पहिल्यांदा आलेल्या पोरासारखा.

सहाव्या दिवशी दाणा काचेवर पडलेला.
मी फोनवर रजिस्टर वाचल्यासारखं सांगितलं,
"सहा वाजून दहा. बाहेर आला."
तेजल बराच वेळ बोललीच नाही.

आता घालायचं काय?
माझी खडी? त्याच्या डोक्याहून मोठी, गिळायची भीती नाही.
पण फटीत घाण बसते,
आणि जो कोन स्लीपरला धरून ठेवतो
तोच याचं पोट खरवडेल.
शहाबादीच्या तुकड्यावर लिंबू पिळलं, फसफसला.
बाद.

सुपडू कोळ्यानं तापीची वाळू आणून दिली, घमेलंभर.
रव्याच्या चाळणीतून पडली तेवढीच ठेवली.
तेजलच्या जुन्या ओढणीत धरून चौदा पाणी.
शिंपल्यांचे कपचे चिमट्यानं वेचले.
फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवलं,
त्याला काळ्या मिशा फुटल्या.
बायको दारात उभी:
"माणसाले नवी गादी मिळी नाही राहिली,
अन् या पालीले वाळू चाळून देता!"
मी म्हटलं, पाल नाही.
एवढंच सुचलं.

रुळाखाली खडीचा थर वीतभराहून जास्त.
इथं बोटाचं एक पेर.

सोडला.
तो हळू खाली आला, एक पाय टेकवला,
थांबला.
मग दुसरा.
मी उकिडवा, एक डोळा मिटून,
लेव्हल बघायला बसतो तसा.
मागे वाळूत बारीक खुणा उमटत गेल्या,
आणि त्या वाकड्या होत्या तरी
मी काही बोललो नाही.

पावणेअकराची मालगाडी गेली.
क्वार्टर हलली, पाणी थरथरलं,
तुरे थरथरले.
पाय होते तिथंच.

निळा दाणा अजून माझ्या खिशात आहे.
मोजला. सात मिलिमीटर.
माझ्या कुठल्याच चाळणीवर अडत नाही.