शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत

सोमवारी तीन मागण्या आल्या.
एक बेचाळीस पानांची,
जिच्यात आमचं नाव कुठेच नाही,
'सन्माननीय विक्रेते' एवढंच,
आणि शेवटच्या पानावर:
तीन नमुने जोडावेत, विनामूल्य,
शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत.
दुसरी दीड ओळीची. लोगो हवाय, रेट सांगा.
तिसरी मी उघडलीच नाही तेव्हा.

शिवडीचा हा गाळा, दुसरा मजला,
मालाची लिफ्ट गणपतीपासून बंद.
हर्मीन हिशेब बघते. तिनं भिंतीवर
पेन्सिलीनं रेघा मारून ठेवल्यात:
वर्षभरात पाठवलेले प्रस्ताव एकतीस,
मिळालेली कामं चार,
त्यातली तीन अशा माणसांची
ज्यांनी प्रस्ताव मागितलाच नव्हता,
नुसते चहाला आले होते.

वडाळ्याच्या त्या टॉवरसाठी अकरा रात्री.
गौतमीच्या मुलाचा वाढदिवस त्यातच गेला,
मेणबत्त्या तिनं फोनवर विझताना बघितल्या.
आमचा तो करडा-हिरवा,
ओहोटीनंतर खाजणात उरतो ना, नेमका तोच,
ज्याच्यासाठी मी तीनदा चिखलाच्या काठाशी जाऊन उभी राहिले,
सहा महिन्यांनी दिसला
माहीम कॉजवेच्या होर्डिंगवर
भलत्याच कुणाच्या नावाखाली.
टॅक्सीवाला म्हणाला, रंग बरा आहे.
मी म्हटलं, हो.

खाली अब्बास पावसकरांचं बाइंडिंग.
कुणी दारातूनच भाव विचारला
तर ते खळीचा ब्रश खाली ठेवत नाहीत.
विचारतात, पानं आणलीत?
आणली असली की हात पुसतात.
नसली की रेडिओ जरा मोठा करतात.
मी एकदा म्हटलं, चाचा, गिऱ्हाईक जातं ना अशानं.
म्हणाले, गेला तो गिऱ्हाईक कसला, पोरी,
रस्ता विचारायला थांबला होता.

हे ठीक आहे.
पण एक तारखेला गाळ्याचा मालक येतो
आणि तो पानं विचारत नाही.

म्हणून बेचाळीस पानवाल्यांना फोन लावला.
ठरवणार कोण? मॅडम, कमिटी.
आणखी किती जणांना पाठवलंत? ते सांगता येत नाही.
बरं, आत्ताच्यात नेमकं काय बिघडलंय?
पलीकडे गप्प. मागे झेरॉक्सचं मशीन
एकेक पान ओकत होतं.
मग तो माणूस हळूच, जवळजवळ माझ्या बाजूनं,
बिघडलं काही नाही हो,
मार्चच्या आत पैसे संपवायचेत.

त्या रात्री तिसरी उघडली.
भायखळ्याचं औषधाचं दुकान, सही: श्रीधर केंकरे.
आमच्या पाकिटांवरचं सकाळ-रात्र लोकांना वाचता येत नाही.
दोनदा चूक झाली. एक बाई इस्पितळात गेल्या.
रक्कम स्पष्ट लिहिलेली, फार नव्हती.
जुन्या सात पाकिटांचे फोटो,
एकावर पेनानं काढलेला सूर्य,
त्याला कुणीतरी चंद्र समजलं होतं.
आणि खाली: आधी एक दिवस
काउंटरवर येऊन बसाल का?

यात भाडं निघत नाही, हर्मीन म्हणाली.
अर्धं निघतं.
उरलेलं अर्धं?
मी पेन्सिलीला टोक करत राहिले.

नकार मात्र धड लिहायला दोन तास लागले.
आधी रागानं लिहिला, मग फार गोड,
शेवटी तीन ओळी उरल्या.

शुक्रवारी पाच वाजता मी भायखळ्यात,
स्टुलावर, काचेच्या मागे.
फोन थरथरला. हर्मीन:
बेचाळीसवाल्यांनी मुदत वाढवली. मंगळवार. बघ.
तेवढ्यात समोर एक म्हातारबाबा,
पाकीट डोळ्यांशी नेलं, मग हातभर लांब धरलं,
मग मलाच दिलं.
हे सकाळचं की रात्रीचं, बाई?

मी वाचलं.
मलाही लगेच कळलं नाही.