सांधा

मत्रहच्या बाजारात, लोबानवाल्याच्या मागच्या गल्लीत,
खलफान बिन हमूदच्या दुकानात
शुक्रवारी चारनंतर पंखा आणि मी, दोघेच कामाला.

तो मला मुहंदिस म्हणतो. इंजिनियर मी नाही,
रुसैलच्या कारखान्यात पाइपांचे सांधे तपासतो:
पास, नापास, घासून पुन्हा जोडा.
पण आडनाव शिकलगार. एकदा बोलून बसलो
की आमच्यात पूर्वी तलवारी उजळायचे.
(आजोबांनी तासगावात कात्र्यांनाच धार लावली,
सायकलचं चाक फिरवत, चार आण्याला एक.
ते सांगितलं नाही.)

आज त्याने जुन्या गोधडीतून ती काढली.
"मुहन्नद," म्हणाला. मला वाटलं, मलाच हाक.
मग हसला. हिंदची ती मुहन्नद, तू मुहंदिस.
गिऱ्हाईक कुवेतचं, रविवारी येणार.
चिठ्ठीवर काय लिहू? हैदराबाद? लाहोर?
गावाप्रमाणे भाव.

पावणेदोन हात पातं, पाठीला गंज.
नखाने टिचकी मारली,
बाहेर मासळीवाल्याची आरोळी विरली
तरी ती वाजत होती.

स्पिरिटने पुसून घेतली.
शाम्पूच्या बाटलीतून आणलेलं प्रयोगशाळेचं अम्ल
कापसाने फिरवलं, वरून खाली, एकदाच.
थांबलो.
करड्यातून हळूहळू पाणी वर आलं,
ओहोटी वाळूत रेघा सोडून जाते तसं.
आजोबा म्हणायचे, पात्याला पाणी असतं.
मला वाटायचं, धार लावताना वरून ओततात ते.

"जौहर!" खलफान अर्धा उठला.
हो. मुशीत शिजवलेलं पोलाद, दख्खनचं, बहुधा.
वड्या गलबतात भरून याच बंदरावरून गेल्या असतील.
इस्फहानात ठोकल्या असतील, नसतील.
पोलाद आपली खाण सांगतं कधीकधी,
ऐरण कुठली ते सांगत नाही.

मूठ स्टोव्हवर धरली. आतली लाख सैलावली
आणि दुकानात तासगावचं पोस्ट शिरलं:
कापडात शिवलेलं पार्सल, वर तांबडी मोहोर,
अब्बांनी पाठवलेलं घड्याळ.

देठ बाहेर आला. तिथे अडलो.
दोन बोटं खाली, एका तिरक्या रेघेशी
पाणी संपत होतं.
पलीकडे साधं लोखंड, नांगराच्या फाळाचं असतं तसलं.

कोणीतरी जोडलं होतं.
हे पोलाद जास्त तापलं की पाणी मरतं,
कमी तापलं तर धरत नाही.
मधला एकच रंग असतो, भट्टीत क्षणभर येतो,
आणि त्या क्षणी घण आधीच वर गेलेला हवा.
भिंग लावलं. पोकळी नाही. राख नाही. चीर नाही.
पंधरा वर्षं एक्स-रे लावून सांधे बघतोय,
दहातले तीन परत पाठवतो.
हा पाठवला नसता.

"मुठीत जाईल ना ते," खलफान हळूच म्हणाला.
"जोडलेली म्हटलं की अर्धी किंमत.
कोण उघडून बघतंय?"

चिठ्ठी माझ्याकडे ओढली. लिहिलं:
पोलाद दख्खनी, बहुधा. घडण कुठली, ठाऊक नाही.
मूठ नंतरची. देठाला सांधा, उत्तम.
आणि सवयीने खाली कारखान्यातला माझा शिक्का-नंबर.

तो बराच वेळ वाचत बसला.
मग कहवा ओतला, माझ्या पेल्यात आधी.
"हिंदचीच ना पण?"

नवी लाख ओतून मी मूठ चढवली होती.
थंड होईस्तोवर घट्ट धरून ठेवावी लागते, न हलता.
मगरिबची अजान झाली. तो उठला, चपला शोधू लागला.
मला उठता येईना.
लाख अजून मऊ होती.