गुडघ्यातली अक्कल

कुताइसीच्या तालीमघरात
मालखाझ उडायचा, हवेतच गिरकी घ्यायचा
आणि थेट गुडघ्यांवर उतरायचा.
एकतीस वर्षं.
गुडघे टेकणं म्हणजे हार
हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

एतेरी डॉक्टरीण फिल्म खिडकीला लावते.
ही मांडी. ही नडगी.
मधे गादीच्या दोन चंद्रकोरी,
त्यातली आतली फाटलीय,
बादलीच्या कडीसारखी उलटून
सांध्यात अडकलीय,
म्हणून पाय सरळ होत नाही.
आतले दोन्ही दोर, फुलीसारखे, शाबूत आहेत
(हे ती दोनदा सांगते).
वाटीमागची कूर्चा मात्र
उंबऱ्यासारखी झिजलीय.

"आता उतरायचं नाही."
"आणि उडायचं?"
ती फिल्म पाकिटात घालते.

संध्याकाळी तो खुर्चीत बसून
नव्या पोराला ओरडतो,
मोजू नकोस रे, वेख्तांग!
डोक्याला उशिरा कळतं.
जमीन आली की आधी
गुडघ्याला कळतं.

पोरगा मोजतोच.
आपटतो. हसतो. पुन्हा उभा राहतो.

ढोल सुरू होतो,
आणि खुर्चीखालचा तो अडकलेला पाय
थाप पडायच्या किंचित आधी
हलतो.