एकच गाठ

कावळा बसला आणि अ‍ॅस्पेनचं झाड आडवं झालं.
गाउया नदीकाठी गवत पालथं घालताना
स्कैद्रीतेबाईंनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

करडं अंग, काळं डोकं, काळे पंख.
तो उडाला, शेजारच्या भूर्जावर टेकला
आणि असा केकाटला
जणू झाड त्याच्याच वजनानं गेलं.

बीव्हर दिसला नाही.
अकरा रात्री तो बुंध्याशी होता,
नारिंगी दातांनी ढलपी ढलपी काढत.
बुंधा शिसपेन्सिलीसारखा झालेला,
शेवटचं बोटभर लाकूड
वाऱ्यासाठी ठेवून तो झोपायला गेला.
त्याच्या नावाची म्हण नाही.

संध्याकाळी पाणी कुरणात चढलं.
भाचा आइवर्स कुदळ घेऊन निघाला, बांध फोडतो म्हणाला.
"फोड," बाई म्हणाल्या, "सोमवारीही फोडला होतास."

कावळा एव्हाना नव्या पाण्याच्या कडेला
बेडूक टिपत हिंडतोय,
घरमालकाच्या चालीनं.

बाईंनी चुलीसाठी ढलप्या वेचल्या, ओंजळभर.
एकीवर दातांच्या दोन खाचा होत्या,
अगदी शेजारी-शेजारी.
ती तेवढी त्यांनी एप्रनच्या खिशात टाकली.